निलाच्या दारातलं सरकार

निला आणि सिबी हे तरुण जोडपं. त्यांना मूल हवं आहे. पण ते ज्या भारतात राहतात, तिथे नवराबायकोला मूल हवं असून भागत नाही, त्यासाठी सरकारची परवानगी लागते. ती एकदाची मिळते. घरात आनंद आहे, आणि त्याच सुमारास सिबी नाहीसा होतो. दारात येऊन उभा राहतो तो रवी नावाचा एक अनोळखी तरुण. त्याच्याजवळ सरकारी हुकूम आहे: या घरातली एक खोली त्याला राहायला देण्यात आलेली आहे. सोबत त्याचा कुत्रा आहे, जीनो. जीनो यंत्र आहे. तो बोलतो, पुस्तकं वाचतो आणि वाचलेल्यावर विचारही करतो.

‘एन इनिय इयंदिरा’, म्हणजे ‘माझ्या लाडक्या यंत्रा’, या तमिळ कथेची ही सुरुवात. लेखक सुजाता. १९८०च्या दशकात चेन्नईच्या ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात ती दर आठवड्याला छापून येत होती. तेव्हा त्या शहराचं नाव मद्रास होतं. पुढे दूरदर्शनवर तिची तमिळ मालिका झाली. कथेचा काळ लेखकाने धरला होता २०२१ आणि २०२२ सालांचा, म्हणजे वाचकांपासून साधारण पस्तीस वर्षं पुढचा. देशावर जीवा नावाच्या हुकूमशहाची सत्ता आहे. नागरिकाला नाव दोन अक्षरांचंच ठेवता येतं: निला, सिबी, रवी, मनो. हुकूमशहा जीवा आणि कुत्रा जीनो यांचीही नावं दोनच अक्षरांची. प्रत्येकाला एक क्रमांक आहे. ठरावीक वयापलीकडे जगण्याची मुभा नाही. घर, नोकरी, मूल, मरण या सगळ्यांची नोंद एकाच यंत्रणेकडे.

उद्याच्या जुलमी राज्याची गोष्ट सांगायला लेखक बसतो, तेव्हा पहिल्या भागातच त्याच्यासमोर मोठा पेच असतो. राज्य सबंध दाखवायचं म्हटलं तर दाखवण्यासारखं फार असतं: कायदे, पोलीस, यंत्रं, भिंती, घोषणा. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात ओतलं की प्रेक्षक थकतो. आणि काहीच सांगितलं नाही तर गोष्ट नेहमीच्या कौटुंबिक मालिकेसारखी वाटते. सुजाता यांनी निवडलेली वाट मला या प्रकारातल्या कितीतरी गाजलेल्या कलाकृतींपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. त्यांनी राज्य दाखवलं ते एका घरातून. सरकारने दोन निर्णय केले. एकाने त्या घरात मूल येऊ दिलं, दुसऱ्याने परका माणूस आणून बसवला. मधल्या मध्ये नवरा गेला. जीवाचा चेहरा, त्याची फौज, त्याची राजधानी यातलं काहीही पाहण्याआधीच आपल्या लक्षात येतं की या देशात घराच्या उंबरठ्याला काही अर्थ उरलेला नाही.

दूरदर्शनच्या पडद्याला तर ही मांडणी फारच सोयीची होती. मद्रास दूरदर्शन केंद्र सुरू झालं १५ ऑगस्ट १९७५ रोजी. त्या काळातल्या मालिका स्टुडिओतल्या मोजक्या सेटवर, मोजक्या पैशांत उभ्या राहत. भविष्यातलं शहर उभारणं त्यांना शक्य नव्हतं, पण एक घर, एक दार आणि दारात हुकूम घेऊन उभा असलेला माणूस हे कुठल्याही केंद्राला जमण्यासारखं होतं.

जगातल्या टेलिव्हिजनवरचा या जातकुळीचा पहिला मोठा प्रयोग तीस वर्षं आधीचा. १२ डिसेंबर १९५४ रोजी बीबीसीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीवरचं नाटक थेट प्रक्षेपित केलं. रूपांतर नायजेल नील यांचं, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टियर यांचं, मुख्य भूमिका पीटर कुशिंग यांची. ती मालिका नव्हती, सलग एकच नाटक होतं. पण दुसऱ्या दिवसापासून जो गदारोळ झाला त्याचे पडसाद ब्रिटिश संसदेत उमटले. नाटकाचा दुसरा प्रयोग ठरला होता तो रद्द करावा, अशी मागणी झाली. बीबीसी बधली नाही आणि चारच दिवसांनी नटांनी तो पुन्हा थेट सादर केला. लोक हादरले यामागे छळाची दृश्यं होती हे खरंच, पण ती दृश्यं बैठकीच्या खोलीत, मुलाबाळांसोबत बसलेलं असताना आली हेही कारण तितकंच मोठं होतं. टेलिव्हिजन घरात असतो. घरावर आलेलं संकट दाखवायला त्याच्याइतकी चपखल जागा दुसरी नाही.

अलीकडचं भारतीय उदाहरण म्हणजे ‘लैला’. प्रयाग अकबर यांची कादंबरी २०१७ची. तिच्यावरची सहा भागांची मालिका नेटफ्लिक्सवर १४ जून २०१९ रोजी आली. ती पडद्यासाठी घडवली ऊर्मी जुवेकर यांनी आणि पहिला भाग दिग्दर्शित केला दीपा मेहता यांनी. शालिनीच्या मुख्य भूमिकेत हुमा कुरेशी, आणि तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या भानूच्या भूमिकेत मूळचा चेन्नईचा नट सिद्धार्थ. काळ या शतकाच्या मध्याच्या अलीकडचा, देशाचं नाव आर्यावर्त. इथेही पहिल्याच भागात घर मोडतं. शालिनी, तिचा नवरा रिझवान आणि लहानगी लैला आपल्या घरच्या तरणतलावात खेळत असतात. बाहेर पाण्याचा दुष्काळ आहे, आणि यांच्या घरी पोहण्याइतकं पाणी. माणसं घरात घुसतात. नवरा मारला जातो, मुलगी हिरावली जाते, आणि परधर्मीयाशी लग्न केलं म्हणून शालिनीला ‘शुद्धीकरणा’च्या छावणीत टाकलं जातं. त्या तलावाची निवड मला विलक्षण वाटते. त्या निळ्या पाण्यात मुलीचं हसणं आहे, आईबापांची श्रीमंती आहे आणि त्या कुटुंबावर ठेवलेला गुन्हाही आहे.

ही मालिका लोक पाहत होते त्याच आठवड्यात चेन्नईचे तलाव आटत होते. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चार मुख्य तलाव. जून २०१९मध्ये त्यांच्या तळाची भेगाळलेली माती उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसू लागली. काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करायला सांगितलं, खाणावळींनी जेवणाचे पदार्थ आणि वेळा कमी केल्या, गल्लोगल्ली प्लास्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगा लागल्या. तमिळ माणूस घागरीला ‘कुडम’ म्हणतो. टँकर कधी येणार हे ठाऊक नसल्याने बायका रात्रभर जागत. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली रेल्वे चेन्नईत आली. पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर पाणी, दोनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास.

मराठी वाचकाला हे चित्र नवीन नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ लातूरला पोचली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी. त्याआधीच्या मार्च महिन्यात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. अशा जागी पाचाहून जास्त माणसांनी जमू नये, असा तो आदेश. विज्ञानकथेत तो वाचला असता तर लेखकाने जरा ताणलं, असं आपण म्हणालो असतो.

आता पुन्हा सुजाता यांच्याकडे येऊ, कारण चेन्नईची खरी गोष्ट त्यांचीच आहे.

सुजाता हे त्यांच्या पत्नीचं नाव. लेखकाचं खरं नाव एस. रंगराजन. जन्म ३ मे १९३५, चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात, ज्याला इंग्रजांनी ट्रिप्लिकेन म्हटलं. बालपण आजीजवळ श्रीरंगमला गेलं. तिरुच्चीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात शिक्षण झालं, त्यानंतर क्रोमपेटच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. अब्दुल कलाम हे त्याच पिढीचे, त्याच संस्थांमधले विद्यार्थी. नोकरीची मोठी वर्षं बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात गेली. दिवसा अभियंता आणि रात्री लेखक, असा हा माणूस. गणेश आणि वसंत ही त्यांची वकील जोडी तमिळ घराघरांत ओळखीची होती. ‘ज्युनियर विकटन’मध्ये वाचकांच्या वैज्ञानिक प्रश्नांना ते उत्तरं देत. मणिरत्नम यांच्या ‘रोजा’पासून शंकर यांच्या ‘इंडियन’, ‘मुदल्वन’पर्यंत कितीतरी चित्रपटांचे संवाद त्यांनी लिहिले.

आणि याच माणसाने आपल्या मतदानयंत्राच्या आराखड्यावर आणि निर्मितीवर देखरेख केली.

ते यंत्र जवळून पाहिलं तर सुजाता यांच्या कथेचं मर्म जास्त कळतं. यंत्राचे दोन भाग असतात आणि ते वायरने जोडलेले असतात. एक मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर, दुसरा पुठ्ठ्याच्या आडोशामागे. अधिकाऱ्याने आपल्या बाजूचं बटण दाबल्याशिवाय आडोशामागचं यंत्र जागं होत नाही. मतदाराने उमेदवाराच्या नावासमोरचं निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, लांब शिट्टी ऐकू येते आणि यंत्र पुन्हा कुलूपबंद होतं. दुसऱ्यांदा कितीही दाबा, काही होत नाही. माणसाची इच्छा आत जाते, आकडा होते आणि बंद पेटीत राहते. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर पेटी बनवणारा, पेटी राखणारा आणि पेटी उघडणारा अशा तिघांवर विश्वास हवा. हे ज्याने आपल्या टेबलावर रोज पाहिलं, त्याला नोंद ठेवणाऱ्या यंत्राची ताकद कुणी वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं १९ मे १९८२ रोजी, केरळातल्या परवूर विधानसभा मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. निकाल १२३ मतांनी लागला. हरलेला उमेदवार न्यायालयात गेला आणि १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात अशा यंत्राची तरतूदच नाही, त्या केंद्रांवर पुन्हा मतदान घ्या. फेरमतदानात निकाल उलटला. यंत्रात काही दोष सापडला म्हणून हे झालं नव्हतं, कायद्याने त्या यंत्राला परवानगी दिलेली नव्हती म्हणून झालं. ती परवानगी डिसेंबर १९८८च्या कायदादुरुस्तीने मिळाली. म्हणजे ‘एन इनिय इयंदिरा’ छापून येत होती त्याच दशकात तिचा लेखक ज्या यंत्राशी जोडलेला होता, ते यंत्र देशाच्या कायद्यात जागा मिळण्याची वाट पाहत होतं. यंत्राने कायद्यासाठी थांबायचं असतं, ही लोकशाहीची शिस्त. जीवाच्या राज्यात नेमकी तीच गेलेली आहे. तिथे यंत्र सांगेल तोच कायदा.

मूल होण्यासाठी परवानगी, ही कल्पना सुजाता यांनी हवेतून काढली नव्हती. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. असं पाऊल उचलणारं ते देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढ्यावर ते निभावलं. आपल्या राज्याच्या इतिहासातलं हे पान शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं. निलाची गोष्ट वाचताना हे दूरच्या कुठल्या देशात घडतंय असं मराठी माणसाने मानू नये, कारण आपल्याच विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने हात वर झालेले आहेत.

क्रमांकाचीही गोष्ट तशीच महाराष्ट्राशी येऊन मिळते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. बारा अंक, दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती थेट माणसापर्यंत पोचावी हा त्यामागचा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. पण ठसा जुळला नाही की रेशन अडतं, हेही पुढे हातावर घट्टे पडलेल्या मजुरांनी सोसलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने आधार कायम ठेवताना त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. क्रमांक एकच असतो. तो माणसाला काही मिळवून देतो की माणसाकडून काही काढून घेतो, हे त्याच्यावर लगाम कुणाचा यावर ठरतं. निलाच्या देशात हा लगाम धरणारं न्यायालय नाही.

कथा छापणाऱ्या साप्ताहिकालाही सत्तेचा हात काही लांबचा नव्हता. १९८७च्या एप्रिल महिन्यात ‘आनंद विकटन’चे संपादक एस. बालसुब्रमणियन यांना तमिळनाडू विधानसभेने हक्कभंगासाठी तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. गुन्हा काय, तर मुखपृष्ठावरचं आमदार आणि मंत्र्यांवरचं एक व्यंगचित्र. देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच त्यांना सोडावं लागलं. ज्या कचेरीत जीवाच्या राज्याची हस्तलिखितं येत होती, तिथल्या संपादकाने खऱ्या तुरुंगाची कोठडी पाहिली.

साप्ताहिकातली क्रमशः कथा ही तमिळ वाचनाची जुनी परंपरा. कल्की यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५०पासून अशीच आठवड्याआठवड्याने वाचली गेली. अशा कथेला पहिल्या प्रकरणात धीम्या गतीची चैन परवडत नाही. पुढचा अंक विकत घ्यायला लावणारं काहीतरी शेवटच्या स्तंभात हवंच. सिबी कुठे गेला, हा प्रश्न त्यासाठी होता. आणि जीनो? जीनो ही सुजाता यांची खरी कमाई. माणसांनी विचार करणं सोडून दिलेल्या देशात विचार करणारा एकच, तो यंत्राचा कुत्रा. जुलमाच्या कथेत वाचकाला धरून ठेवायला जिव्हाळा लागतो, नाहीतर तो गुदमरतो. हा जिव्हाळा त्यांनी यंत्राला देऊ केला, आणि वाचकांनी तो उचलला. पुढे रजनीकांत यांचा ‘एंदिरन’ २०१०मध्ये आला, त्यातल्या माणसासारख्या वाटणाऱ्या यंत्रमानवामागेही सुजाता होते. मात्र तो चित्रपट पडद्यावर पाहायला ते नव्हते. २७ फेब्रुवारी २००८ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला जी दिशा दिली, तिच्याशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. नारळीकर खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या कथेत विज्ञान बहुतेकदा संकटातून वाट काढून देणारं असतं आणि अंधश्रद्धा किंवा हट्टी राजकारण आडवं येतं. सुजाता अभियंते. त्यांचं लक्ष यंत्र कोण चालवतं याकडे. दोघांनाही विज्ञानावर प्रेम होतं. भविष्यातल्या जुलमाची कथा मात्र मराठीत त्या मानाने कमी रुजली, आणि मला ही आपल्या साहित्यातली खरी उणीव वाटते.

कथेचा कळस सांगितल्याशिवाय सुरुवातीचं मोल पुरतं कळणार नाही. निला नवऱ्याचा शोध घेत जाते. रवी आणि त्याचा साथीदार मनो हे जीवाला संपवायच्या कटात आहेत हे तिला समजतं आणि ती त्यात ओढली जाते. पण जीवाशी गाठ पडते तेव्हा कळतं की जीवा नाहीच. लोकांसमोर येतो, बोलतो, तो प्रकाशाचा खेळ आहे, होलोग्राम. देश घाबरला होता तो एका प्रतिमेला. यानंतर कट करणारे निलालाच गादीवर बसवतात आणि तिच्या नावाने स्वतः सत्ता चालवतात.

सुजाता यांनी हे लिहिलं तेव्हा ही निव्वळ कल्पना होती. जानेवारी २०२४मध्ये चेन्नईतल्या एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी पडद्यावर आले. काळा चष्मा, पांढरा सदरा, पिवळी शाल, तोच ओळखीचा आवाज. त्यांनी लेखकाचं अभिनंदन केलं, राज्याच्या नेतृत्वाची वाखाणणी केली. करुणानिधींचं निधन ७ ऑगस्ट २०१८ रोजी झालेलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांची प्रतिमा आणि आवाज घडवला होता. पुढच्याच महिन्यात विरोधी पक्षाने जयललितांच्या आवाजातला संदेश आणला. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. ते खरं नाही हे ठाऊक असूनही एखाद्या कार्यकर्त्याचे डोळे भरून आले असतील, तर त्यात वावगं काही नाही. पण गेलेला नेता आज काय बोलेल हे कुणी ठरवायचं? मजकूर कुणी लिहिला, त्याखाली सही कुणाची, आणि तो चुकला तर जाब कुणाला विचारायचा? जीवाच्या प्रतिमेमागे बसलेल्या माणसांना निलाने हेच विचारायला हवं होतं, आणि तिला ते फार उशिरा सुचलं.

‘मीण्डुम जीनो’, म्हणजे ‘पुन्हा जीनो’, हा पुढचा खंड तिथूनच सुरू होतो. हुकूमशहा गेलेला आहे, किंबहुना तो कधी नव्हताच, पण देश चालतोय तो तसाच. निला नावाची राणी आहे आणि कारभार रवी-मनोच्या हातात आहे. अशा कथा सहसा जुलमी पडला की थांबतात. सुजाता थांबले नाहीत. राजा बदलल्यावर यंत्रणा कुणाच्या ताब्यात जाते, हे पाहण्यासाठी त्यांनी अख्खा दुसरा खंड लिहिला, आणि त्यात निलाच्या बाजूने उभं राहायचं काम जीनोकडे दिलं.